निकटवर्ती बिनतारी उद्घोषणा

निकटवर्ती बिनतारी उद्घोषणा : एखाद्या बिनतारी साधनाने आपले अस्तित्व, प्रकार व क्षमता आसपासच्या कोणत्याही ग्राहीला कळावी म्हणून ठरावीक कालांतराने पुनःपुन्हा प्रक्षेपित केलेला लघुसंदेश. इंग्रजीत या संदेशाला ‘अ‍ॅडव्हर्टाइजमेंट’ म्हणतात. व्यापारी जाहिरातीशी त्याचा मुळात संबंध नाही, जरी पुढे तो जोडण्याचे प्रयत्न झाले. उदगीरच्या (जि. लातूर) बसस्थानकावर देगलूरच्या किंवा बीदरच्या गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांच्या मनगटावरील घड्याळे, कानांतील बिनतारी इअरफोन व खिशातील भ्रमणध्वनी अशा उद्घोषणा सतत करीत असतात आणि वाहक प्रवाशांना त्याची जाणीवही नसते. हे संदेश ऐकण्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. भ्रमणध्वनीच्या कार्यप्रणालीने अ‍ॅप लिहिणाऱ्यांसाठी काही ठरावीक आज्ञा खुल्या ठेवलेल्या असतात. या आज्ञासंचाला ‘एपीआय’ म्हणतात. त्यातील एका आज्ञेने परिसरातील सर्व उद्घोषणा, त्यांच्या प्राप्तिसमयांसह व तीव्रतेसह, अ‍ॅपच्या हाती येऊ लागतात. उद्घोषक उघड असतो, श्रोता मात्र अदृश्य राहू शकतो. या तंत्राच्या इतिहासातील बहुतेक वाद या विषमतेतून उद्भवले आहेत.

पूर्वपीठिका : बिनतारी संदेशवहनात बोलणारा सापडतो व ऐकणारा सापडत नाही, हे फार पूर्वीपासून ज्ञात होते. छोडो भारत आंदोलनात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत २७ ऑगस्ट १९४२ पासून चालविलेले गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र हे त्याचे महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. जागा वारंवार बदलूनही १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ते पोलिसांच्या हाती लागले. ते केंद्र ऐकणाऱ्या असंख्य श्रोत्यांचा शोध लावण्याचा मात्र असा कोणताही तांत्रिक उपाय नव्हता. म्हणूनच कायद्याने श्रोत्यालाही परवान्याच्या कक्षेत आणले होते. १९३३च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमानुसार केवळ ग्राही बाळगण्यासही परवाना आवश्यक असे, आणि घरगुती रेडिओचा परवाना डाकघरातून दरवर्षी नूतन करून घेण्याची पद्धत १९८०च्या दशकापर्यंत चालू होती. अशा रीतीने कोणाकडे ग्राही आहे याची नोंद शासनाकडे असे. त्याने काय ऐकले याची नसे. पुढील काळात ही स्थिती नेमकी उलटली. जानेवारी २००५ मध्ये केंद्र शासनाने २·४ ते २·४८३५ गिगॅहर्ट्झ या कंप्रतापट्ट्यातील अल्पशक्ती साधने परवान्यातून मुक्त केली. प्रस्तुत नोंदीतील सर्व साधने याच पट्ट्यात काम करतात. [→ रेडिओ, बिनतारी संदेशवहन].

ब्लूटूथचा उदय : भ्रमणध्वनी व त्याची उपसाधने यांना जोडणारी तार काढून टाकण्यासाठी स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये याप हार्टसेन व स्वेन मॅटिसन यांनी लघुपल्ल्याच्या संपर्कतंत्राचे काम आरंभिले. एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम व तोशिबा या कंपन्यांनी १९९८ मध्ये स्थापिलेल्या गटाने ते पुढे नेले. दहाव्या शतकातील डॅनिश राजा हाराल्ड याच्या उपनामावरून त्याला ‘ब्लूटूथ’ हे नाव मिळाले. इंटेलमधील जिम कार्डाक यांनी ते तात्पुरते म्हणून सुचविले होते, पण तेच टिकले.

या पहिल्या पिढीत शोधाची रीत आजच्याहून वेगळी होती, आणि हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे. शोध घेणारे साधन स्वतः पृच्छा प्रक्षेपित करी आणि ‘दृश्य’ अवस्थेत ठेवलेली साधने तिला उत्तर देत. म्हणजे शोधकाला आधी बोलावे लागे. साधन दृश्य ठेवणे वा न ठेवणे हे त्याच्या मालकाच्या हाती असे. एका पृच्छेस दहा सेकंदांपर्यंत वेळ लागे आणि विद्युत्‌शक्तीही बरीच खर्च होई. त्यामुळे ही रीत मंद व महाग होती. पण चोरून ऐकण्यास ती सोयीची नव्हती.

अल्पशक्ती ब्लूटूथ : घड्याळातील नाण्याएवढ्या विद्युत्‌घटावर अनेक महिने चालेल असे तंत्र शोधण्यास नोकिया कंपनीने २००१ मध्ये प्रारंभ केला. ‘वायब्री’ या नावाने ते २००६ मध्ये जाहीर झाले, पुढील वर्षी ब्लूटूथ गटात विलीन झाले आणि २०१० मध्ये ब्लूटूथच्या चौथ्या आवृत्तीत समाविष्ट झाले. शक्ती वाचविण्यासाठी यात शोधाची भूमिका उलटी केली आहे. लहान साधन क्षणभर जागे होऊन उद्घोषणा करते व पुन्हा निद्रिस्त होते. ऐकण्याचा खर्च मोठा विद्युत्‌घट असलेल्या भ्रमणध्वनीने सोसावयाचा. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा उपाय अत्यंत समर्पक होता. परंतु त्याबरोबर शोधकाने आधी बोलण्याची गरज संपली, याकडे त्या वेळी फारसे लक्ष गेले नाही.

उपलब्ध पट्टा २ मेगॅहर्ट्झ रुंदीच्या ४० मार्गिकांत विभागलेला असून त्यांपैकी तीन मार्गिका (२४०२, २४२६ व २४८० मेगॅहर्ट्झ) प्राथमिक उद्घोषणेसाठी राखीव आहेत. वाय-फायच्या नेहमीच्या मार्गिकांच्या फटींत त्या बसविल्या असल्याने गजबजलेल्या ठिकाणीही संदेश पोहोचतो. मूळ रचनेत संदेशात सहा बाइटांचा पत्ता व जास्तीत जास्त ३१ बाइट मजकूर मावतो. दोन उद्घोषणांतील अंतर २० मिलिसेकंद ते १०·२४ सेकंद असू शकते, आणि दोन साधनांचे संदेश सतत एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यात दर खेपेस थोडा यादृच्छिक विलंब मिसळला जातो. २०१६च्या पाचव्या आवृत्तीने अधिक मोठ्या उद्घोषणांची सोय केली.

ग्राही दोन प्रकारे ऐकू शकतो. सक्रिय श्रवणात तो उद्घोषकाकडे अधिक माहितीची विनंती पाठवितो, त्यामुळे त्याची चाहूल लागू शकते. निष्क्रिय श्रवणात तो काहीच प्रक्षेपित करीत नाही. कायमच्या पत्त्यावरून कोणाचाही माग काढता येऊ नये म्हणून पत्ता सुमारे दर पंधरा मिनिटांनी बदलण्याची तरतूद मानकात आहे. मात्र संदेशाच्या मजकुरातच एखादी स्थिर खूण असेल तर पत्ता बदलण्याचा काहीही उपयोग होत नाही. गुरांच्या कानांतील पिवळ्या बिल्ल्याशी तुलना केल्यास हे स्पष्ट होईल. उदगीर परिसरातील देवणी किंवा लाल कंधारी जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला असतो. तो वाचण्यासाठी जनावराच्या जवळ जावे लागते व ते मालकाच्या देखत घडते. बिनतारी खूण मात्र भिंतीपलीकडूनही वाचता येते.

श्रवणाचे द्वार : ॲपलने २०११च्या आयफोन ४एस पासून व गूगलने २०१३ मध्ये अँड्रॉइड ४·३ पासून उद्घोषणा ऐकण्याच्या आज्ञा अ‍ॅपना उपलब्ध करून दिल्या. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज १० मध्ये (२०१५) तर उद्घोषणांवर केवळ पाळत ठेवणारा स्वतंत्र घटकच आला. ॲपलने २०१३ मध्ये ‘आयबीकन’ ही योजना पुढे आणली. दुकानात किंवा संग्रहालयात बसविलेला छोटा दीप वीस बाइटांची ओळख उद्घोषित करतो व ग्राहकाच्या भ्रमणध्वनीतील अ‍ॅप त्यावरून तो कोणत्या दालनात आहे हे ठरविते. गूगलनेही २०१५ मध्ये ‘एडिस्टोन’ ही स्पर्धक योजना काढली. निरुपयोगी सूचनांचा सुकाळ झाल्यामुळे तिच्यावर आधारित सूचनासेवा डिसेंबर २०१८ मध्ये गूगलला बंद करावी लागली.

दीपाचे स्थान ठाऊक असेल तर तो ऐकणाऱ्याचे स्थानही ठाऊक होते. ही गोष्ट लक्षात आल्यावर अँड्रॉइड ६ पासून (२०१५) उद्घोषणा ऐकू इच्छिणाऱ्या अ‍ॅपला वापरकर्त्याकडून स्थानदर्शनाची परवानगी घेणे भाग पडले. २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ ने श्रवणासाठी निराळी परवानगी निर्माण केली. ॲपलने पडद्याआड गेलेल्या अ‍ॅपच्या श्रवणावर व उद्घोषणेवर आधीपासूनच कडक मर्यादा घातल्या होत्या. या मर्यादा हेतूने चांगल्या होत्या, तथापि २०२० मध्ये त्यांनीच अनपेक्षित अडचण उभी केली.

महासाथ व संपर्कशोध : कोविड-१९च्या काळात (२०२०) संसर्गित व्यक्तीच्या सहवासात कोण आले होते हे भ्रमणध्वनींच्या परस्पर उद्घोषणांवरून शोधण्याची कल्पना पुढे आली. सिंगापूरने २० मार्च २०२० रोजी ‘ट्रेसटुगेदर’ हे अ‍ॅप प्रसृत केले. आयफोनवर ते पडद्यावर उघडे असेल तरच नीट चाले. भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेले ‘आरोग्य सेतू’ २ एप्रिल २०२० रोजी आले. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते उपलब्ध होते. नोंदणीनंतर प्रत्येक वापरकर्त्याला मध्यवर्ती सर्व्हरकडून एक अंकीय ओळख मिळे. दोन भ्रमणध्वनी जवळ आले की त्या ओळखींची देवघेव होऊन वेळ, अंदाजे अंतर व स्थान यांची नोंद भ्रमणध्वनीत साठे. याशिवाय अ‍ॅप दर पंधरा मिनिटांनी उपग्रहाधारित स्थानही टिपून ठेवी. वापरकर्त्याची चाचणी सकारात्मक आल्यास ही माहिती सर्व्हरवर जाई व संपर्कितांचा धोका तेथे ठरविला जाई. ही अंकीय ओळख वारंवार बदलत नसे, आणि केवळ ब्लूटूथ पुरेसे असता स्थान का घेतले जाते, हे टीकाकारांचे दोन मुख्य आक्षेप होते. दुसऱ्या आक्षेपास शासनाचे उत्तर असे की, रोगाचे नवे केंद्र कोठे उद्भवत आहे हे स्थानावाचून कळत नाही. या उत्तरात तथ्य होते. पण ते संपर्कशोधाहून वेगळे प्रयोजन होते, हेही तितकेच खरे.

याच सुमारास यूरोपातील संशोधकांनी मध्यवर्ती नोंदीवाचून चालणारी पद्धत मांडली. तिच्याशी साम्य असलेली व्यवस्था ॲपल व गूगल यांनी १० एप्रिल २०२० रोजी संयुक्तपणे जाहीर करून २० मे रोजी एपीआयच्या रूपाने उपलब्ध केली. तीत उद्घोषणा ऐकण्याचे काम अ‍ॅपकडून काढून कार्यप्रणालीने स्वतःकडे घेतले. उद्घोषित खूण दहा ते वीस मिनिटांनी बदले, जुळणी ज्याच्या त्याच्या भ्रमणध्वनीतच होई, आणि ही व्यवस्था वापरणाऱ्या अ‍ॅपला स्थानदर्शनाची परवानगी मागण्यास मनाई होती. एखाद्या सार्वभौम राष्ट्राचे आरोग्य खाते काय ऐकू शकेल याच्या अटी दोन खाजगी कंपन्यांनी ठरवाव्यात, हे अनेक शासनांना रुचले नाही. फ्रान्सने ती नाकारली. इंग्लंडने प्रथम स्वतंत्र प्रयोग करून पाहिला व नंतर ती स्वीकारली. भारत आरोग्य सेतूच्या मूळ रचनेवरच राहिला.

उदगीरमधील परिस्थिती : १७६०च्या लढाईमुळे इतिहासात परिचित असलेले उदगीर हे लातूर रोड–विकाराबाद लोहमार्गावरील बाजारपेठेचे शहर. १९५६ पर्यंत ते बीदर जिल्ह्यात होते. त्यानंतर ते तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात व १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आले. शेजारचा बीदर जिल्हा मात्र कर्नाटकात गेला. नातेसंबंध, बाजार व दवाखाना यांसाठी सीमेपलीकडे नित्य ये-जा करणाऱ्या अशा शहरात एप्रिल २०२० च्या अखेरीस कोविडचे रुग्ण आढळले. सीमा ओलांडून जाणाऱ्या संपर्कांची साखळी जुळविण्यास राज्यनिरपेक्ष असे केंद्रीय अ‍ॅप तत्त्वतः फार उपयुक्त ठरावयास हवे होते. प्रत्यक्षात दोन गोष्टी आड येणाऱ्या होत्या.

पहिली गोष्ट साध्या गणिताची आहे. भेट नोंदली जाण्यासाठी भेटणाऱ्या दोघांकडेही अ‍ॅप असले पाहिजे. म्हणून लोकसंख्येच्या जितक्या अंशाकडे ते असेल त्याच्या वर्गाइतक्याच भेटी पकडल्या जातात. मे २०२० च्या मध्यास आरोग्य सेतू १० कोटी भ्रमणध्वनींत पोहोचले होते. जगातील कोणत्याही तत्सम अ‍ॅपच्या मानाने हा आकडा प्रचंड होता. पण सुमारे १३८ कोटींच्या देशात हे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास येते व त्याचा वर्ग अर्धा टक्का, म्हणजे दोनशे भेटींपैकी एक. महानगरांतील कार्यालयांत, जेथे अ‍ॅपधारक एकत्र असत, प्रमाण यापेक्षा बरेच जास्त असणार. साधे बटणांचे भ्रमणध्वनी वापरणाऱ्या शेतकरी-हमालांच्या आडतबाजारात ते याहूनही कमी. अशा लोकांसाठी मे २०२० मध्ये १९२१ या क्रमांकाची सेवा सुरू झाली. तेथे ‘मिस्ड कॉल’ दिल्यास उलट दूरध्वनी येऊन लक्षणे विचारली जात. आरोग्याची विचारपूस म्हणून ती योग्यच होती, परंतु तिच्यात शेजारच्या साधनांचे श्रवण मुळीच नव्हते.

दुसरी गोष्ट भौतिकीची. अंतराचा अंदाज संदेशाच्या प्राप्त तीव्रतेवरून बांधला जातो. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाले की तीव्रता सहा डेसिबलांनी घटते. पण २·४ गिगॅहर्ट्झचे तरंग पाण्यात शोषले जातात आणि मानवी शरीर बव्हंशी पाणी आहे. मध्ये माणूस आला किंवा भ्रमणध्वनी मागच्या खिशात असला तर २० डेसिबलांपर्यंत घट होऊ शकते. मोकळ्या अवकाशाच्या हिशेबाने ती दहापट अंतराएवढी भरते. उलट धातूच्या पृष्ठभागांवरून परावर्तन झाल्याने दूरचा संदेश जवळचा वाटू लागतो. एस. टी.ची गाडी व पत्र्याचे गाळे ही दोन्ही धातूची पेटीच होत. डब्लिन येथील ट्रिनिटी महाविद्यालयात डग्लस लीथ व स्टीफन फॅरेल यांनी २०२० मध्ये ट्रामगाडीत घेतलेल्या मापनांत, तत्कालीन निकषांनी दिलेले निष्कर्ष यदृच्छेने केलेल्या निवडीहून फारसे सरस आढळले नाहीत. शिवाय पातळ भिंतीच्या दोन बाजूंस बसलेल्या दोघांना ब्लूटूथ निकट समजते. विषाणूच्या दृष्टीने ते निकट नसतात.

तरीही हे तंत्र सर्वस्वी निरुपयोगी म्हणता येत नाही. इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे २८ टक्के लोक वापरीत असलेल्या अ‍ॅपमुळे सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात पद्धतीनुसार २,८४,००० ते ५,९४,००० संसर्ग टळले असावेत, असा अंदाज ‘नेचर’ या नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मार्टफोनचा प्रसार, चाचणीचा निकाल त्वरित कळणे व घरी थांबण्याची ऐपत या तिन्ही गोष्टी तेथे होत्या. मराठवाड्याच्या लहान शहरांत आणि खेड्यांत संपर्कशोधाचा भार मुख्यतः आशा स्वयंसेविका व आरोग्यसेवक यांच्यावर राहिला. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यभर झालेली ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम दारोदार जाऊन विचारण्याचीच होती. विचारणारी व्यक्ती समोर उभी असते, तिला ओळखता येते, प्रसंगी नकारही देता येतो, हा तिचा गुण आकडेवारीत दिसत नाही.

सक्ती व न्यायालये : केंद्रीय गृहमंत्रालयाने १ मे २०२० च्या आदेशाने सर्व सरकारी व खाजगी कर्मचाऱ्यांना आरोग्य सेतू अनिवार्य केले, १७ मेच्या आदेशात ही भाषा सौम्य करून ‘शक्य तो प्रयत्न’ अशी करण्यात आली. त्याच महिन्यात प्रवासी गाड्या पुन्हा सुरू होताना रेल्वे मंत्रालयानेही प्रवाशांना ते आवश्यक ठरविले. ११ मे रोजी माहितीच्या वापराचे नियम जाहीर झाले व २६ मे रोजी अँड्रॉइड आवृत्तीची मूळ आज्ञावली खुली करण्यात आली. ही दोन्ही पावले स्वागतार्ह होती. ती सक्तीच्या आदेशाआधी पडावयास हवी होती. या साऱ्याला संसदेच्या कायद्याचे अधिष्ठान नव्हते. खासगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने १९ ऑक्टोबर २०२० रोजी, अ‍ॅप नाही म्हणून शासनाला कोणाही नागरिकास सेवा नाकारता येणार नाही असे अंतरिम आदेशात म्हटले. २५ जानेवारी २०२१ रोजी त्याच न्यायालयाने, वापरकर्त्याच्या माहितीपूर्ण संमतीवाचून त्याची माहिती अन्य खात्यांना देण्यास अंतरिम मनाई केली. आरोग्य सेतूतील संपर्कशोध पुढे बंद करण्यात आला व त्याद्वारे गोळा झालेली माहिती नष्ट केली असल्याचे शासनाने जुलै २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले.

सिंगापूरमधील घटना या संदर्भात लक्षणीय आहे. ट्रेसटुगेदरची माहिती केवळ संपर्कशोधासाठी आहे असे आश्वासन असताना, गुन्ह्याच्या तपासासाठी पोलिस ती घेऊ शकतात हे जानेवारी २०२१ मध्ये संसदेत मान्य करावे लागले. त्यानंतर फेब्रुवारीत कायदा करून हा वापर गंभीर गुन्ह्यांच्या सात प्रकारांपुरता सीमित करण्यात आला. श्रवणाची नोंद एकदा साठली की तिचा मूळ हेतू तिला फार काळ बांधून ठेवू शकत नाही, अशी जी भीती टीकाकार व्यक्त करीत होते ती निराधार नव्हती.

अलीकडील घडामोडी : ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये ‘एअरटॅग’ ही खूणपट्टी विक्रीस आणली. हरवलेल्या किल्ल्या किंवा पिशवी शोधण्यासाठी ती स्वतःची उद्घोषणा करते. वाटेतील अनोळखी लोकांचे आयफोन ती ऐकून तिचे स्थान सांकेतिक स्वरूपात मालकास कळवितात. अशी पट्टी दुसऱ्याच्या पिशवीत वा वाहनात लपवून त्याचा माग काढण्याचे प्रकार लवकरच उघडकीस आले. त्यावर उपाय म्हणून श्रवणाचेच साधन बचावासाठी योजले गेले. एखादी परकी पट्टी बराच वेळ आपल्याबरोबर फिरत आहे असे आढळल्यास भ्रमणध्वनी धारकास सावध करतो; अँड्रॉइडमध्ये ही सोय २०२३ मध्ये आली आणि मे २०२४ मध्ये ॲपल व गूगल यांनी दोन्ही प्रणालींना समान असे मानक लागू केले. त्यात एक तडजोड अटळ होती. मालकाजवळ असलेली पट्टी आपला पत्ता सुमारे पंधरा मिनिटांनी बदलते, जेणेकरून मालकाचा माग काढता येऊ नये. मालकापासून दुरावलेल्या पट्टीने इतक्या वेगाने पत्ता बदलल्यास पाळतीखालील व्यक्तीच्या भ्रमणध्वनीला ती एकच असल्याचे ओळखता येणार नाही, म्हणून अशा पट्टीचा पत्ता चोवीस तास तोच ठेवला जातो. ज्याच्याजवळ स्मार्टफोनच नाही त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था आहे : मालकापासून आठ ते चोवीस तास दूर राहिलेली एअरटॅग हलविली गेल्यास स्वतः आवाज करते.